जोत्याखालचे तापमान : ऊर्जा-सिम्युलेशनमध्ये कोकणातल्या घराची जमीन कशी मांडावी

रत्नागिरीजवळच्या एका पर्यटक-निवासाचे ऊर्जा-मॉडेल मध्यंतरी माझ्याकडे तपासणीसाठी आले होते. चिऱ्याच्या भिंती, कौलांचा उतार, पडवीची सावली, पंख्यांचे वेळापत्रक असे सारे तपशील मन लावून भरलेले होते. तरीही एसी बंद असलेल्या खोल्यांमध्ये हवा २९ अंशांवर असताना फरशीचा पृष्ठभाग मात्र २३ अंशांच्या आसपास दिसत होता. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन पृष्ठभागावर जमते) २४ ते २५ अंशांवर असतो, म्हणजे हे मॉडेल खरे मानले तर त्या घरातली फरशी चार महिने सतत ओली राहायला हवी होती. शोध घेतल्यावर कारण अगदी साधे निघाले. जमिनीच्या तापमानाचा रकाना कोणी भरलाच नव्हता, आणि तो रिकामा राहिला की एनर्जीप्लस हे इमारतींच्या ऊर्जेचे गणित करणारे सॉफ्टवेअर वर्षाच्या बाराही महिन्यांसाठी १८ अंश सेल्सिअस हा आकडा स्वतःहून धरते.

कोकण किनाऱ्यावर हवेच्या तापमानाची वार्षिक सरासरी सुमारे २७ अंश आहे, आणि ऐन जानेवारीतही महिन्याची सरासरी २४-२५ च्या घरात असते. म्हणजे १८ अंशांची जमीन आपल्याकडे कुठल्याच महिन्यात सापडणार नाही. या चुकीची किंमत किती, ते आकड्यांत पाहू. समजा घर १० मीटर बाय ८ मीटरचे, म्हणजे ८० चौरस मीटरचे आहे. टाइल, तिच्याखालचा मसाला आणि १०० मिलिमीटरचे पीसीसी (सळ्या नसलेले साधे काँक्रीट) मिळून औष्णिक रोध, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, साधारण ०.१४ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट होतो, त्यात फरशीवरच्या हवेच्या थराचा ०.१७ मिळवला की एकूण ०.३१, आणि त्यावरून उष्णता-पारगमनाचा गुणांक सुमारे ३.२ वॅट प्रति चौरस मीटर केल्विन येतो. खोलीत २९ आणि खाली १८ अंश असतील तर या फरशीतून जवळपास २,८०० वॅट उष्णता जमिनीत उतरते. एक टन एसी म्हणजे ३,५१७ वॅट हे लक्षात घेतले, तर त्या घराखाली पाऊण टनाहून मोठा, विजेचे बिल न येणारा एसी अहोरात्र चालू आहे असे मॉडेल समजते. एसीच्या खोल्या २५ अंशांवर ठेवल्या तरी हा काल्पनिक एसी अर्ध्या टनाचा उरतोच, आणि खोल्या चोवीस तास थंड ठेवायच्या असतील तर विजेचा अंदाज दिवसाला सुमारे १५ युनिटांनी कमी येतो.

रकान्यात नेमके काय मागितले आहे

चूक लक्षात आल्यावर बहुतेक जण जी दुरुस्ती करतात ती मला मूळ चुकीइतकीच धोक्याची वाटते. हवामानाच्या ईपीडब्ल्यू फाइलच्या डोक्यावर जमिनीच्या तापमानांची एक ओळ असते, तीत ०.५, २ आणि ४ मीटर खोलीची मासिक तापमाने दिलेली असतात, आणि ती जशीच्या तशी उचलून 'साइट ग्राउंड टेम्परेचर बिल्डिंग सरफेस' या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे एनर्जीप्लसच्या माहिती भरण्याच्या कप्प्यात, चिकटवली जातात. ही तापमाने कोणी खड्डा खणून मोजलेली नसतात. हवेच्या तापमानावरून, मातीचा एकच ठरीव गुणधर्म धरून, ती सूत्राने काढलेली असतात. शिवाय ती मोकळ्या माळरानाची असतात, जिच्यावर वर्षानुवर्षे घर उभे आहे त्या जमिनीची नसतात. हवामान फाइलीसोबत येणाऱ्या सांख्यिकी फाइलीतच स्पष्ट ताकीद असते की ही तापमाने इमारतीच्या फरशीचा उष्णता-ऱ्हास काढण्यासाठी वापरू नयेत; पण ती फाइल उघडून वाचणारे थोडे.

बिल्डिंग सरफेस या ऑब्जेक्टला हवे असते ते फरशीच्या बांधणीच्या सर्वांत खालच्या थराच्या बाहेरच्या बाजूचे तापमान. तुम्ही बांधणी पीसीसीपर्यंत भरली असेल तर पीसीसी आणि सोलिंग (त्याखालचा दगडांचा थर) यांच्या सांध्यावरचे, आणि खालचा मुरमाचा भरावही थर म्हणून भरला असेल तर त्या भरावाच्या तळाचे. थरांची यादी बदलली की आकडाही बदलतो, ही गोष्ट सहज निसटते. सांध्यावरचे तापमान मुख्यतः वरच्या खोलीवर अवलंबून असते, कारण मधला अडथळा फक्त ०.३१ रोधाचा आहे, तर बाहेरच्या हवेपर्यंत पोचायला उष्णतेला कित्येक मीटर माती ओलांडावी लागते. घराखालची माती म्हणजे घरानेच हळूहळू आपल्या तापमानाला आणलेली माती.

याच कुटुंबातली, सारख्या नावाची आणखी तीन ऑब्जेक्टे आहेत आणि त्यांनी पुष्कळांना चकवले आहे. शॅलो आणि डीप ही दोन जमिनीतल्या उष्णता-विनिमय यंत्रणांसाठी आहेत. त्यांत काहीही भरले तरी फरशीवर परिणाम होत नाही. एफसी-फॅक्टर (थरांऐवजी एकच ठरीव गुणांक देण्याच्या) पद्धतीचे तिसरे ऑब्जेक्ट फक्त त्या पद्धतीने मांडलेल्या फरश्यांना आणि तळघराच्या भिंतींना लागू पडते. तुमच्या फरशीची बाहेरची सीमा 'ग्राउंड' अशी लिहिलेली असेल तर तिच्याशी संबंध फक्त बिल्डिंग सरफेसचा.

कागदावर आकडा काढणे

संगणकावरच्या मोठ्या पद्धतीकडे वळण्यापूर्वी हातानेच एक आकडा काढून ठेवावा, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी आयएसओ १३३७० हे जमिनीतून जाणाऱ्या उष्णतेचे आंतरराष्ट्रीय मानक पुरेसे आहे. त्यात सर्वप्रथम फरशीचे वैशिष्ट्यपूर्ण परिमाण काढतात : क्षेत्रफळ भागिले अर्धी परिमिती. आपल्या घराची परिमिती ३६ मीटर, म्हणून ८० भागिले १८, म्हणजे ४.४४ मीटर. त्यानंतर फरशीची समतुल्य जाडी काढतात : भिंतीची जाडी, अधिक मातीची उष्णतावाहकता गुणिले एकूण रोध. चिऱ्याची भिंत ०.२३ मीटर, मातीची वाहकता चिकणमातीसाठी मानकात दिलेली १.५ वॅट प्रति मीटर केल्विन, आणि रोध ०.३१ मध्ये बाहेरच्या पृष्ठभागाचा ०.०४ मिळवून ०.३५. उत्तर येते ०.७५५ मीटर.

बिनइन्सुलेशनच्या फरशीसाठी सूत्र असे आहे : वाहकतेच्या दुपटीला, पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले वैशिष्ट्यपूर्ण परिमाण अधिक समतुल्य जाडी, या बेरजेने भागायचे, आणि आलेल्या भागाकाराला, पाय गुणिले परिमाण भागिले समतुल्य जाडी अधिक १, याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणायचे. आपल्या आकड्यांनी पहिला भाग ०.२०४ आणि लॉगॅरिदम २.९७ येतो, गुणाकार ०.६१ वॅट प्रति चौरस मीटर केल्विन. नुसत्या फरशीचा गुणांक ३.२ होता. म्हणजे मातीसकट विचार केला की उष्णतेची वाट पाचपटीने अरुंद होते.

आता सांध्यावरचे तापमान काढणे सोपे आहे. एसीची खोली वर्षभर सरासरी २५ अंशांवर आणि बाहेरची वार्षिक सरासरी २७ असेल, तर फरक २ अंश. प्रवाह प्रति चौरस मीटर १.२ वॅट, आणि तो जमिनीकडून खोलीकडे. त्याला ०.३१ ने गुणले की ०.४ अंश. अर्थात पीसीसीखालचे सरासरी तापमान २५.४ अंश. रकान्यात जायला हवा तो हाच आकडा. त्याऐवजी वार्षिक सरासरीचे २७ भरले तर संपूर्ण फरशीतून ९७ वॅटऐवजी ५१६ वॅट उष्णता आत येते असे मॉडेल दाखवील, आणि एसीच्या मापात उगाच भर पडेल. पंख्यावर चालणाऱ्या, सरासरी २८.५ अंशांच्या घरासाठी हेच गणित केले तर सांध्यावर २८.२ येते, खोलीपेक्षा जेमतेम पाव अंश कमी.

एनर्जीप्लसच्या मार्गदर्शिकेत अमेरिकेतल्या व्यावसायिक इमारतींसाठी एक ठोकताळा दिलेला आहे : खोलीच्या सरासरीपेक्षा २ अंश कमी धरावे. तो तिथल्यापुरता ठीक आहे, कारण तिथे बऱ्याच भागांत बाहेरची वार्षिक सरासरी खोलीपेक्षा पुष्कळ खाली असते. आपल्या किनाऱ्यावरच्या वातानुकूलित खोलीसाठी मात्र चिन्हच उलटते. जमीन खोलीपेक्षा किंचित गरम असते. हा ठोकताळा डोळे झाकून वापरलेली मॉडेले मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहेत, आणि ती वापरणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण मार्गदर्शिका हातात असताना माणूस तीच उघडणार.

बारा महिन्यांचे बारा आकडे

वार्षिक सरासरी ठरली की प्रश्न उरतो तो ऋतूंचा. किनाऱ्यावर मासिक सरासरीचा चढउतार मध्यापासून अडीच अंशांच्या आसपास असतो. विदर्भात किंवा उत्तरेत तो कितीतरी मोठा असतो. आयएसओच्या त्याच मानकातले ऋतुमानाचे सूत्र आपल्या घराला लावले तर बाहेरच्या चढउतारामुळे फरशीतून येणारा फरक ६९ वॅटचा, म्हणजे सांध्यावर अवघा ०.३ अंशाचा निघतो, आणि तो बाहेरच्या हवेच्या साधारण महिनाभर मागे चालतो. म्हणजे वातानुकूलित घरासाठी बारा आकडे २५.१ ते २५.७ या पट्ट्यात बसवायचे आणि सर्वांत वरचा आकडा जूनला द्यायचा. पंख्याच्या घरासाठी आधी एक प्राथमिक रन घेऊन खोलीची मासिक सरासरी काढावी आणि जमिनीचे आकडे तिच्या अर्ध्या-पाऊण अंशाच्या आत ठेवावेत. मग त्या आकड्यांनी पुन्हा रन घ्यावा. दोन-तीन फेऱ्यांत आकडे हलायचे थांबतात. एनर्जीप्लससोबत येणारा स्लॅब हा जुना सहायक प्रोग्रॅमही याच तत्त्वावर चालतो. त्याला खोलीची मासिक सरासरी द्यायची आणि तो गाभ्याचे, कडेचे व सरासरीचे तापमान परत देतो.

जिथे मोकळ्या जमिनीचे तापमान खरोखरच लागते, उदाहरणार्थ पुढे येणाऱ्या ग्राउंड डोमेन पद्धतीत, तिथे कोकणची एक खासियत सांभाळावी लागते. कुसुदा आणि आखेनबाख यांनी १९६५ मध्ये मांडलेले सूत्र वर्षभरात तापमानाची एकच लाट धरते : एक उन्हाळा, एक हिवाळा. आपल्याकडे वर्षाला दोन उंचवटे असतात. एप्रिल-मे तापतात, मृग कोसळला की तापमान उतरते, ऑक्टोबरात ऊन पुन्हा चटका देते आणि मग थंडी पडते. एकाच लाटेचे सूत्र जुलै-ऑगस्टातला हा खळगा बुजवून टाकते. एनर्जीप्लसमध्ये झिंग या नावाचा पर्याय आहे; त्यात वार्षिक लाटेवर सहामाही लाट चढवलेली असते आणि दोन आयाम (लाटांची उंची) व दोन कलांतरे (लाटांची वेळ) देता येतात. किनाऱ्यावरच्या ठिकाणासाठी मी तोच निवडतो.

खोली वाढेल तशी ही दुसरी लाट लवकर विरते, म्हणून तिची चिंता कुठे करायची तेही पाहून घ्यावे. वाहकता १.५ आणि घनफळाप्रमाणे उष्णताधारकता ३० लाख ज्यूल प्रति घनमीटर केल्विन असलेल्या ओलसर मातीत वार्षिक लाटेची विरण-खोली, म्हणजे जिथे लाटेची उंची सुमारे ३७ टक्के उरते ती खोली, २.२ मीटर येते. अर्ध्या मीटरवर वार्षिक लाट ८० टक्के आणि सहामाही लाट ७३ टक्के शिल्लक असते; दोन मीटरवर हेच आकडे ४१ आणि २८ होतात, आणि तिथे वार्षिक लाट सुमारे ५२ दिवस उशिरा पोचते. थोडक्यात, मेच्या मध्याचा उन्हाळा दोन मीटर खाली जुलैच्या सुरुवातीला पोचतो, तेव्हा वर मुसळधार पाऊस चालू असतो. फरशीच्या कडेला, पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात, दोन लाटांचा फरक जाणवतो. घराच्या मध्यभागी तो जवळजवळ नाहीसा होतो.

इथे मे महिन्यातल्या दुपारी माजघरातल्या उघड्या कोब्यावर आडवे होण्याच्या आपल्या सवयीचा उल्लेख करायला हवा, कारण त्या गारव्यावरून 'खालची जमीन थंडच असते' असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. तो गारवा खोल जमिनीतून येत नाही. दिवस-रात्रीच्या लाटेची विरण-खोली याच मातीत अवघी १२ सेंटिमीटर आहे; म्हणजे रात्री फरशीच्या वरच्या चार-पाच इंचांत साठलेला गारवाच आपण दुपारी वापरत असतो. म्हणून फरशीचे थर मॉडेलमध्ये खऱ्या जाडीने आणि खऱ्या घनतेने भरावेत. वेळ वाचवण्यासाठी केवळ रोध देणारे, वस्तुमान नसलेले मटेरियल वापरले तर दुपारचा हा गारवा मॉडेलमधून गायब होतो, आणि पंख्यावर चालणारे घर आहे त्यापेक्षा त्रासदायक दिसते.

माती कुठली धरायची

सॉफ्टवेअरमधला मातीचा रकाना एकच असतो. कोकणात माती मात्र गाव ओलांडले की बदलते. सड्यावर वीतभर मातीखाली जांभ्याचा कातळ लागतो, वाडीत खोल तांबडी माती असते, किनाऱ्यालगत पुळण, खाडीकाठी खाजणाचा चिखल. वाहकतेवर सर्वांत मोठा परिणाम मात्र प्रकारापेक्षा ओलाव्याचा होतो. कोरड्या वाळूची वाहकता ०.३ ते ०.५ च्या दरम्यान असते, तर तीच वाळू पाण्याने भरली की २ च्या वर जाते. सच्छिद्र जांभा पाणी पटकन खाली सोडतो, त्यामुळे सड्यावरच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ दाखवतात आणि श्रावणात काठोकाठ येतात. घराखालची जमीनही त्याच फेऱ्यातून जाते.

सिम्युलेशनमध्ये मातीचे गुणधर्म वर्षभर स्थिर धरावे लागतात, हे मान्य करून चालावे. मी दोन टोकांचे दोन रन घेतो : कोरड्यासाठी वाहकता १.०, भिजलेल्यासाठी २.०, आणि अहवालात दोन्ही निकाल देतो. आपल्या घराच्या उदाहरणात वाहकता १.५ वरून २.० केली तर गुणांक ०.६१ वरून ०.७५ होतो, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. खोली आणि बाहेरची हवा यांच्या सरासरीत फरकच दोन अंशांचा असल्यामुळे एकूण हिशेबात हे थोडक्या वॅटचे प्रकरण ठरते. जिथे फरक मोठा, तिथे हे दुर्लक्ष अंगाशी येईल. मासळीच्या शीतगृहात आत उणे १८ आणि खाली अधिक २७ अंश असतात, तिथे फरशीखालचे इन्सुलेशन आणि मातीची तपासणी यांना पर्याय नाही, आणि त्या कामासाठी हा लेख पुरेसा नाही.

किव्हा वापरताना

मासिक आकडे हाताने भरण्यापेक्षा जमिनीतली उष्णता सॉफ्टवेअरकडूनच सोडवून घ्यायची असेल तर एनर्जीप्लसमधला किव्हा हा भाग वापरावा; ८.८ या आवृत्तीपासून तो आतच आहे. फरशीची बाहेरची सीमा 'ग्राउंड' ऐवजी 'फाउंडेशन' करायची, पायाचे एक ऑब्जेक्ट जोडायचे आणि प्रत्येक फरशीची उघडी परिमिती सांगायची, एवढे केले की तो पायाचा उभा छेद घेऊन द्विमितीय गणित करतो. यात तीन ठिकाणी आपल्याकडचे आकडे घालावे लागतात.

सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे मातीचे पूर्वनिश्चित गुणधर्म. किव्हा वाहकता १.७३, घनता १,८४२ आणि विशिष्ट उष्णता ४१९ ज्यूल प्रति किलो केल्विन धरतो. वाहकता ठीक आहे; परंतु घनता आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार केला तर उष्णताधारकता जेमतेम ७.७ लाख ज्यूल प्रति घनमीटर केल्विन येते. आयएसओच्या मानकात वाळूसाठी २० लाख आणि चिकणमातीसाठी ३० लाख दिलेले आहेत, आणि नुसत्या पाण्याची धारकता ४२ लाखांच्या जवळ असते. पूर्वनिश्चित आकड्यांनी वार्षिक लाटेची विरण-खोली ४.७ मीटर येते, ओलसर मातीच्या दुपटीहून अधिक. म्हणजे ऋतू वास्तवापेक्षा फार खोलवर उतरतो. कोकणासाठी मी घनता १,९०० आणि विशिष्ट उष्णता १,३०० च्या आसपास भरतो.

दुसरे ठिकाण जोत्याचे. बाहेरच्या जमिनीपासून भिंतीच्या पायाच्या माथ्यापर्यंतची उंची ०.२ मीटर धरलेली असते. आपल्याकडे पावसाच्या धास्तीने जोते दीड ते तीन फूट उचललेले असते, आणि त्या चिऱ्याच्या जोत्याची बाजू बाहेरच्या हवेला लागून असते. खरी उंची भरावी. परिमिती देतानाही घर डोळ्यांसमोर आणावे. माजघराची एकही बाजू बाहेर उघडी नसते, म्हणून त्याची उघडी परिमिती शून्य. पुढच्या ओटीला पडवीचे जोते लागून असते, म्हणून ती बाजू पूर्ण उघडी मोजू नये. प्रत्येक खोलीला सरसकट तिची चारही बाजूंची परिमिती देणे ही नेहमीची चूक, आणि तिच्यामुळे बाहेरच्या हवेचा परिणाम कित्येक पटींनी फुगतो.

तिसरे ठिकाण घराभोवतीच्या अंगणाचे. किव्हात जमीन सूर्यप्रकाशाचा ०.९ भाग शोषते असे धरलेले असते, आणि मातीतून होणारे बाष्पीभवन त्याच्या हिशेबात येत नाही. उघड्या, काळवंडलेल्या सड्यासाठी हे मे महिन्यात खपून जाईल. पण नारळी-पोफळीच्या शिंपलेल्या वाडीत, जिथे ऊन जमिनीपर्यंत क्वचितच पोचते, तिथे भोवतालची जमीन मॉडेलमध्ये भलतीच तापते. शोषणाचा आकडा कमी करणे हा तिथे व्यवहार्य उपाय आहे. तो भौतिकशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध नाही, हे अहवालात लिहून ठेवावे. बाष्पीभवन खरोखर महत्त्वाचे वाटत असेल तर ग्राउंड डोमेन स्लॅब ही पद्धत घ्यावी. तीत मातीतला ओलावा टक्क्यांत देता येतो आणि भोवतालच्या आच्छादनासाठी शून्य ते १.५ असा एक गुणक असतो : फरसबंद खळ्यासाठी शून्याजवळ, दाट वाढीच्या वाडीसाठी वरच्या टोकाकडे. तिची मातीही वाहकता १.५, घनता २,८०० आणि विशिष्ट उष्णता ८५० अशी, म्हणजे सुमारे २४ लाख धारकतेची, आपल्याला जवळची आहे. वेळ मात्र ती जास्त घेते.

निकालावर विश्वास ठेवण्याआधी

जमिनीला स्मरणशक्ती दांडगी असते. खोलीची हवा काही तासांत नव्या परिस्थितीशी जुळवून घेते, पण दोन मीटर खालच्या मातीला वर्ष लागते. म्हणून गणिताची सुरुवात चुकीच्या तापमानाने झाली तर तिचे पडसाद पहिल्या वर्षाच्या निकालांत उरतात. एकच हवामान-वर्ष लागोपाठ दोनदा चालवून दुसऱ्या वर्षाचे आकडे घ्यावेत आणि ३१ डिसेंबरचे फरशीचे तापमान १ जानेवारीच्या जवळ येते की नाही ते पाहावे.

त्यानंतर फरशीतून जाणारा मासिक उष्णता-प्रवाह वेगळा काढून कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. आपल्या ८० चौरस मीटरच्या वातानुकूलित घरात तो वार्षिक सरासरीला शंभर-दीडशे वॅटच्या आसपास, आणि खोलीकडे येणारा असायला हवा. हजारांच्या घरातला आकडा दिसला, किंवा दिशा उलटी दिसली, तर कुठेतरी १८ अंश, नाहीतर उचललेली ईपीडब्ल्यूची ओळ दडलेली आहे असे समजावे. फरशीच्या पृष्ठभागाची दवबिंदूशी तुलना ही तर सर्वांत स्वस्त चाचणी. पंख्याच्या घरात पावसाळाभर फरशी दवबिंदूखाली राहिली तर जमिनीच्या आकड्यावर संशय घ्यावा. वस्तीवरच्या माणसांना विचारले की आपल्या घरातल्या फरशीला ओल कधी येते ते लगेच कळते, आणि हा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये.

इमारत मोठी असेल तर या साऱ्या खटाटोपाचे महत्त्व उतरते. ५० बाय ४० मीटरच्या शेडचे वैशिष्ट्यपूर्ण परिमाण २२ मीटरच्या पुढे जाते आणि त्याच मातीत गुणांक ०.१९ वर येतो, आपल्या घराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर. बहुमजली इमारतीत तर तळमजला सोडून कोणालाच जमिनीशी देणेघेणे नसते. अशा ठिकाणी किव्हात दोन दिवस घालवण्यापेक्षा छप्पर आणि काचा पुन्हा तपासाव्यात. एकमजली, पसरट, कौलारू घर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची वस्ती, ही मात्र जमिनीची बाब गंभीरपणे घेण्याची जागा आहे.

आकड्यांना प्रत्यक्ष मोजणीचा आधार हवा असेल तर महागड्या उपकरणांची गरज नाही. घराच्या कडेपासून पाच-सहा मीटर दूर, अर्धा मीटर खोल भोक पाडून त्यात जलरोधक तापमान-सेन्सर पुरावा आणि महिन्यातून चार वेळा नोंद घ्यावी. नळी नीट बुजवली नाही तर पावसाचे पाणी थेट सेन्सरवर उतरते आणि नोंद जमिनीची न राहता पावसाची होते. आणि वार्षिक सरासरीसाठी तर परसातली विहीरच पुरते. खोल पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही आणि ते मोकळ्या जमिनीच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असते. मात्र वरवरचे पाणी उन्हाने तापलेले असते, म्हणून कळशी तळापर्यंत सोडून थोडा वेळ तिथेच ठेवावी, भराभर वर ओढावी आणि कळशी काठावर येताच थर्मामीटर आत बुडवावा. झिंगच्या ऑब्जेक्टमध्ये सरासरी तापमानाचा जो रकाना आहे, त्यात हा आकडा भरता येतो.